तुटलेली शिरोरेषा कुणी जोडायची?

पत्र

ताई, मी मिरजेत बीसीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. नववीपासून मी तिथं कोरलड्रॉवर बसते. फ्लेक्सवरचं एखादं नाव दोन मिलिमीटर इकडं-तिकडं करत रात्रीचे अकरा वाजले तरी मला कंटाळा येत नाही. पुढं काय करायचं यावरून सध्या घरात रोज बोलणं होतं. दादा म्हणतो, डिझायनिंगमध्ये पैसा नाही, डेव्हलपर हो. पुण्यातल्या एका क्लासनं सहा महिन्यांचा फुल स्टॅक, म्हणजे वेबसाइटचं दिसणारं आणि आतलं दोन्ही काम शिकवणारा कोर्स सांगितलाय. फी ८५ हजार, हप्त्यांची सोय आणि शंभर टक्के प्लेसमेंट. कोडिंग मला जमतं, मार्कही बरे पडतात, पण त्यात मी फार हुशार नाही. गॅदरिंगचं वेबपान केलं तेव्हा मराठी शीर्षकाची शिरोरेषा तुटत होती. सर म्हणाले, इंग्रजीत टाक. मी तीन तास बसले आणि शेवटी जमवलं. आता तर सगळं एआयच करणार असंही म्हणतात. मी वेब डिझाईन करू की वेब डेव्हलपमेंट? बाबांच्या मशिनचं कर्ज आहे, त्यामुळे वर्षभरात कमवायला लागायला हवं.

– एक वाचक, मिरज

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू एका वाक्यात उरकलीस, ती शिरोरेषेची. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

झालं काय असेल याचा मला अंदाज आहे. तू कुठलं तरी तयार टेम्प्लेट घेतलंस. ते इंग्रजीसाठी केलेलं असणार. इंग्रजी शीर्षकं जरा ऐसपैस दिसावीत म्हणून अशा टेम्प्लेटमध्ये अक्षरांच्या मधे दोन-तीन पिक्सेलची जागा सोडलेली असते. पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत त्याला लेटर-स्पेसिंग म्हणतात. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना मोकळी जागा मानवते. आपली अक्षरं एका रेषेला लटकलेली असतात. मधे जागा सोडली की रेषेचे तुकडे होतात आणि ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तुझ्या सरांनाही तो तसा दिसला असेल, पण त्यांना तो खुपला नाही. तुला खुपला. मग तू ब्राउझरमधलं पानाचे नियम दाखवणारं इन्स्पेक्ट उघडून एकेक नियम बंद करून पाहिला असशील आणि तिसऱ्या तासाला तो एक नियम सापडला असेल.

आता सांग, हे काम डिझाईनचं की डेव्हलपमेंटचं? तुटलेली रेषा डिझायनरच्या डोळ्याला दिसली. ती कुठून तुटते हे डेव्हलपरच्या चिकाटीनं शोधलं. तीन तास तू दोन्ही होतीस, आणि त्यात आपण वेगळं काही करतोय असं तुला वाटलंही नाही.

तरीही ही दोन कामं वेगळी आहेत. पोटापाण्यासाठी निवडायची म्हटली तर त्यांच्यातला फरक नीट कळायला हवा. ‘डिझाईन म्हणजे कला आणि डेव्हलपमेंट म्हणजे गणित’ असं तुला कुणीतरी सांगितलं असणार. त्या वाटणीनं बऱ्याच मुलांची दिशा चुकली आहे. मी तुला एक उदाहरण देते, तुझ्या गावात शोभेल असं. मिरजेत दवाखाने मुबलक आहेत. समज, एका डॉक्टरांना ऑनलाइन नंबर लावायचा फॉर्म हवाय.

डिझायनर आधी विचारतो, हा फॉर्म भरणार कोण? जतकडच्या एखाद्या गावातली सून एसटी स्टँडवर उभी राहून सासूबाईंसाठी नंबर लावते आहे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, डोक्यावर ऊन. म्हणजे अंगठ्यानं सगळं दाबता आलं पाहिजे. बटण निदान ४४ पिक्सेल उंच हवं, नाहीतर शेजारचं दाबलं जातं. उन्हात वाचता यावं म्हणून अक्षरं गडद हवीत. पत्ता आत्ता विचारायची गरज आहे का? नाही, तो दवाखान्यात आल्यावर घेता येईल. तेवढी एक चौकट काढून टाकणं हेसुद्धा डिझाईनच आहे, आणि माझ्या मते तेच जास्त अवघड. मग चूक झाली तर काय लिहायचं? ‘अवैध क्रमांक’ असं लिहिलं तर ती बिचारी तिथंच थांबेल. ‘मोबाईल नंबर दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे टाकलेत’ असं लिहिलं तर ती पुढं जाईल. रंग, फाँट, चित्रं या सगळ्यानंतर येतात.

डेव्हलपरकडे हाच फॉर्म फिग्मातून, म्हणजे पानांचे आराखडे आखायच्या साधनातून येतो आणि त्याचे प्रश्न सुरू होतात. साडेदहाची एकच वेळ शिल्लक असताना दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर ती कुणाला द्यायची, आणि दुसऱ्याला काय दाखवायचं? नेट मधेच गेलं आणि तिनं पुन्हा बटण दाबलं तर दोन नंबर लागता कामा नयेत. रुग्णाची माहिती कुठं साठवायची, ती कुणाला दिसायला हवी आणि कुणाला नको? आणि एक गंमत तुला मुद्दाम सांगते. तिच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे आणि तिनं नंबर देवनागरी आकड्यांत टाकला. पानाला वागणं शिकवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत अंक ओळखायची जी नेहमीची खूण सगळे वापरतात, तिला फक्त इंग्रजी आकडे कळतात. म्हणून फॉर्म सांगतो, नंबर चुकीचा आहे. नंबर अगदी बरोबर असतो. ती तीनदा टाकते, तीनदा तेच. चांगला डेव्हलपर तिला दोष न देता आत दोन ओळी लिहून देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घेतो, आणि तिला काही कळतही नाही.

या दोघांतल्या कुणाच्या प्रश्नांनी तुझं डोकं जास्त वेळ धरून ठेवलं? वाचताना ते तुझ्या लक्षात आलं असेल. मला विचारशील तर निवड त्यावर करावी.

दोन्हीकडे त्रास आहेच, फक्त तो वेगवेगळ्या जातीचा. डिझायनरला माणसांशी झगडावं लागतं. डोळे प्रत्येकाला आहेत, त्यामुळे मत प्रत्येकाला असतं. डेटाबेसची रचना बदला असं कुठलाही क्लायंट सांगत नाही, पण लोगो मोठा करा असं सगळेच सांगतात. त्यातून आपलं म्हणणं न चिडता, कारणं देऊन पटवावं लागतं. आणि ही शाळा तू नववीपासून शिकते आहेस. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर पंधरा जणांचे फोटो बसवायचे, कुणाचाही चेहरा दुसऱ्यापेक्षा लहान दिसता कामा नये आणि तरी उत्सवमूर्तीचं नाव लांबून वाचता आलं पाहिजे, हे ज्यानं केलंय त्याला पदवीधर डिझायनरसुद्धा कमी लेखणार नाही. डेव्हलपरचा त्रास यंत्राशी. यंत्राला मत नसतं, पण एक स्वल्पविराम चुकला तरी ते अडून बसतं. शिवाय दिवसातला बराच वेळ नवं लिहिण्यात जात नाही. दुसऱ्या कुणीतरी चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं वाचण्यात आणि ते असंच का लिहिलं असेल याचा माग काढण्यात जातो. ज्याला कोडं सुटेपर्यंत उठवत नाही त्याला यात आनंद आहे. तू तीन तास उठली नाहीस. ‘मी फार हुशार नाही त्यात’ हे वाक्य म्हणूनच मला पटलं नाही.

माझं थोडं सांगते. मी २००७ साली पुण्यात एका लहान कंपनीत डिझायनर म्हणून लागले. तेव्हा आम्ही फोटोशॉपमध्ये ९६० पिक्सेल रुंदीचं चित्र काढायचो, त्याचे तुकडे करून द्यायचो, आणि डेव्हलपर ते जोडून पान बनवायचा. ते पान पुढं जगतं कसं याच्याशी माझा संबंध नव्हता. एका पतसंस्थेचं काम आलं. मी पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत व्याजदरांचं कोष्टक केलं. दिसायला फार देखणं झालं, ऑफिसात सगळ्यांनी वाखाणलं. पतसंस्थेत दाखवायला गेलो तेव्हा तिथले एक वयस्क संचालक स्क्रीनजवळ वाकले, चष्मा वर केला, खाली केला आणि शेवटी शेजारच्याला म्हणाले, ‘तुम्हीच वाचून दाखवा.’ तो क्षण मी विसरले नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर निदान साडेचारास एक असावं असा सर्वांसाठी सुलभ वेबचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. माझ्या करड्या रंगाचं तीनास एकही भरत नव्हतं. नुसत्या सुंदर दिसण्यावर माझा जो विश्वास होता तो त्या दिवशी गेला, आणि बरं झालं गेला.

दुसरा धडा २०१० नंतर मिळाला. लोक फोनवर वेबसाइट बघायला लागले होते. २०१० सालीच ईथन मार्कोट या अमेरिकन डिझायनरनं ‘रिस्पॉन्सिव्ह’ डिझाईनची कल्पना मांडली. प्रत्येक पडद्यासाठी वेगळं पान न करता एकच पान पडद्यानुसार आपलं अंग आखडेल, पसरेल, अशी. आणि माझं ९६० पिक्सेलचं चित्र निरुपयोगी झालं. पाण्यासारखा आकार बदलणाऱ्या गोष्टीचं चित्र काढून भागत नाही, तिचा स्वभाव कळावा लागतो. तो स्वभाव म्हणजे पानाचा सांगाडा रचणारं एचटीएमएल आणि त्याला रूप देणारं सीएसएस. मी ते शिकले, आणि मग मला समजलं की इतकी वर्षं मी माती हातात न घेता मडक्यांचे आकार ठरवत होते.

म्हणून तुला माझा स्पष्ट सल्ला: एचटीएमएल, सीएसएस आणि साधं जावास्क्रिप्ट इतकं पक्कं कर की डोळ्याला दिसलेलं बोटांनी करता आलं पाहिजे. नोकरी शोधताना ‘फ्रंट-एंड डेव्हलपर’ या नावाखाली शोध. दोन्ही कामांची हद्द जिथं एकमेकीला लागते तिथलं हे काम आहे. तुझ्या दादाचं म्हणणं एका बाबतीत खरं आहे. नवख्यांसाठी जागा डेव्हलपमेंटमध्येच जास्त निघतात, आणि तिथं पदवीला किंमत मिळते. डिझाईनमध्ये पदवी कुणी विचारत नाही, पोर्टफोलिओ म्हणजे केलेल्या कामांचा संग्रह विचारतात, आणि तो चांगला व्हायला वेळ लागतो. तुझ्याकडे एकच वर्ष आहे. पण ‘डिझाईनमध्ये पैसा नाही’ हे त्याचं म्हणणं जुनं झालं. नुसती पानं रंगवून देणाऱ्याला कमी मिळतात हे खरं. लोकांचं काम कुठं अडतं हे शोधून अख्खं अ‍ॅप बेतणारे अनुभवी प्रॉडक्ट डिझायनर अनुभवी डेव्हलपरच्या बरोबरीनं कमावतात. आणि डेव्हलपर झालं की पहिल्या दिवसापासून पैसाच पैसा, असंही नाही. मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलेलं आहे. पुण्यातलं भाडं आणि मेस वजा करून घरी किती पाठवता येईल, हा हिशोब बाबांबरोबर आजच कागदावर मांड.

आता त्या क्लासबद्दल. फी भरू नकोस. निदान आत्ता तरी नको. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द माहितीपत्रकावर असतात. सही करायच्या कागदावर ‘प्लेसमेंटसाठी सहाय्य’ असं लिहिलेलं सापडतं, आणि सहाय्य म्हणजे कधीकधी नोकरीच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं एवढंच असतं. हप्त्यांची सोय म्हणजे बऱ्याचदा क्लासची सवलत नसून बाबांच्या नावावर तिसऱ्याच वित्तसंस्थेचं कर्ज असतं. क्लास बंद पडला तरी ते हप्ते चालूच राहतात. माझ्या नात्यातल्या एका मुलाच्या घरी असे हप्ते क्लासला कुलूप लागल्यावरही चालू होते. मशिनचं एक कर्ज आधीच असताना हे दुसरं अंगावर घेऊ नका. जायचंच ठरलं तर कराराचा कागद आधी घरी आणून वाचा, आणि मागच्या बॅचची दोन मुलं क्लासनं न सुचवता तुझी तू शोधून त्यांना फोन कर.

त्या क्लासात पहिले तीन महिने जे शिकवतील ते सगळं फुकट उपलब्ध आहे. संदर्भासाठी मोझिलाचं एमडीएन, सरावासाठी फ्रीकोडकॅम्प. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे काही धडे मराठीतूनही आहेत. फिग्माची फुकट आवृत्ती शिकण्यापुरती भरपूर होते. कोरलड्रॉची तुझी सवय तिथं चटकन वळेल.

एआयची भीती मी उडवून लावणार नाही, कारण ती खोटी नाही. एका ओळीत सांगितलं की ठाकठीक दिसणारं पान आज मिनिटात तयार मिळतं. टेम्प्लेटमध्ये मजकूर भरून देण्यावर ज्यांचं पोट होतं त्यांना हे आत्ताच जाणवायला लागलंय, डिझाईनमध्येही आणि कोडमध्येही. पण साधनं जाताना मी आधीही पाहिली आहेत. माझ्या बरोबरीचे काही जण फक्त फ्लॅश या साधनात वेबसाठी हलती चित्रं करायचे. अप्रतिम करायचे. आयफोननं फ्लॅशला दारात उभं केलं नाही, आणि २०२० च्या ३१ डिसेंबरला अ‍ॅडोबीनं त्याचा आधार कायमचा काढून घेतला. त्यातल्या ज्यांना हालचाल कशी दिसावी हे कळत होतं ते आजही कामात आहेत. ज्यांना फक्त फ्लॅशची बटणं ठाऊक होती त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं. एआय करून देईल त्या पानात शिरोरेषा तुटलेली आहे हे कुणाच्या तरी नजरेला दिसावं लागेल. तू ते वापर, पण त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ का आहे हे सांगता येईपर्यंत ती आपली मानू नकोस.

आणि तुझ्याजवळ एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईतल्या चांगल्या चांगल्या डिझायनरांकडे नाही. तुला देवनागरी अक्षर हाताच्या रेषेसारखं ओळखीचं आहे. दुकानात श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर वेबवर जसाच्या तसा चिकटवला की त्याचा कचरा होतो, वेबला युनिकोड ही सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत लागते, हे तुला एकदा सांगितलं की पुरे. उकार आणि वेलांट्या इंग्रजीच्या ओळींतल्या अंतरात कापल्या जातात, म्हणून मराठीला दोन ओळींत जास्त जागा द्यावी लागते, हे तुला सांगायलाही नको. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये नोंदवलं, तर काही फाँट आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दाखवतात. नाही नोंदवलं तर हिंदी वळणाची अक्षरं येतात. राज्य शासनानं २००९ साली मराठीसाठी ही रूपं ठरवून दिली आहेत, तरी किती मराठी वेबसाइटवर ती दिसतात, तूच मोजून बघ. विंडोजमधला मंगल फाँट र. कृ. जोशींनी केला. ते कवी होते, सुलेखनकार होते, पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाईनच्या विभागात शिकवायचे. अक्षराचं वळण आणि यंत्राचे नियम, दोन्ही जाणणारा माणूस होता म्हणून विंडोजमध्ये आपल्या लिपीला तो फाँट मिळाला. तशा माणसांची अजून फार गरज आहे.

आयडीसीचं नाव निघालंच आहे तर हेही लिहून ठेव. तीन वर्षांची पदवी झाल्यावर सीईईडी ही परीक्षा देता येते आणि त्यातून आयआयटीत डिझाईनच्या पदव्युत्तर शिक्षणाला जाता येतं. तिला वयाची अट नाही. म्हणजे आधी दोन-तीन वर्षं कमव, कर्ज हलकं होऊ दे, आणि तेव्हाही मन डिझाईनकडेच ओढत असेल तर ते दार उघडं असेल.

या महिन्यात मात्र एक काम कर. सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या कारागिराकडे जा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आता बाहेरगावचे लोक शोधत येतील. त्यांच्यासाठी एक पान कर, पैसे न घेता. आधी दोन संध्याकाळी नुसती बसून ऐक, गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारतं ते. तेच प्रश्न, त्याच क्रमानं, पानावर उत्तरांसकट आले पाहिजेत. भोपळ्यावर हात फिरवून तो पारखतानाचा फोटो घे. मग फिग्मात आख, हातानं कोड लिही, गिटहब या कोड आणि पानं ठेवायच्या साइटवर फुकट चढव, आणि ते पान त्या कारागिरांच्याच फोनवर उघडून त्यांच्या हातात दे. काही बोलू नकोस, नुसतं बघ, अंगठा कुठं अडतो ते. हे सगळं करताना कुठल्या भागात तू जेवायला उठायचं विसरलीस ते वहीत लिहून ठेव.

झालं की लिंक मला पाठव. मी ते माझ्या जुन्या फोनवर, गॅलरीत उन्हात उभी राहून उघडीन. आणि चौकशीच्या फॉर्ममध्ये मोबाईल नंबर मुद्दाम देवनागरीत टाकीन.

तुझी,
ताई